खर्र आणि खस्स

कोल्हापुरात नवी गाडी आली की पहिल्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला जाते, दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन पाहुण्यांच्या दारात जाते आणि तिसऱ्या दिवशी, घरात विशीतला मुलगा असेल तर, शिवाजी उद्यमनगरात जाते. पहिल्या दोन ठिकाणांहून ती गेली तशीच परत येते. तिसऱ्या ठिकाणाहून येते ती तीन इंचांनी बुटकी होऊन. याला गाडी बसवणं म्हणतात. बसवलेली गाडी दिसायला देखणी असते. तिच्यात बसणाऱ्याला तेवढी ती दिसत नाही.

बसवण्यामागचं शास्त्र असं. टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यात कंपनी चारेक बोटांची जागा सोडते. ही जागा चाकाच्या हक्काची. गाडी खड्ड्यातून बाहेर येते, गतिरोधकावर चढते, मागच्या बाकावर तिघं जण दाटीवाटीनं बसतात, तेव्हा स्प्रिंग दबते आणि चाक त्या मोकळ्या जागेत वर सरकतं. शॉकअप त्या स्प्रिंगला जास्त नाचू देत नाही, आणि आत बसलेल्याच्या मणक्यापर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. तरुण मंडळींना मात्र ही मोकळी जागा बघवत नाही. ते ती बोटांत मोजतात. चार बोटं म्हणजे काकांची गाडी. दोन बोटं म्हणजे मालकाला जरा समज आहे. एक बोट म्हणजे भावानं नाद केला. आणि जिथं नखसुद्धा जात नाही ती गाडी संध्याकाळी रंकाळ्यावर उभी राहिली की पोरं तिच्याभोवती जमून फोटो काढतात. भरपूर वेळ काढतात, कारण ती तिथून हलवायची कशी, याचा मालकही तोवर विचारच करत असतो.

माझ्या भाच्याची गाडी एका बोटाची. मुळात ती दाजींची, २०१० साली घेतलेली पांढरी स्विफ्ट. दाजींनी ती कंपनीनं दिली तशी वापरली. त्यांच्या कारकिर्दीत तिच्यात झालेला एकमेव बदल म्हणजे मागच्या काचेवर चिकटवलेलं ‘आईचा आशीर्वाद’. मग चिरंजीवांचं लायसन निघालं आणि आईच्या आशीर्वादासह गाडी खाली आली.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रीनं हे काम केलं तो तत्त्वाचा माणूस आहे. स्प्रिंगचा दीड वेढा त्यानं ग्राइंडरनं कापला, गॅसनं नाही. गॅसच्या ज्योतीनं पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग कधी मान टाकेल सांगता येत नाही, एवढं तो जाणतो. “गॅसनं कापतो त्याला मी मिस्त्रीच म्हणत न्हाई,” असं त्यानं मला मान ताठ ठेवून सांगितलं. मुळात स्प्रिंग कापावीच का, या प्रश्नावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून माझ्या गाडीचं अंतर किती बोटांचं आहे हे त्याला कळलं असावं. खाली बसवायला खास बनवलेल्या स्प्रिंगाही मिळतात. त्या आखूड असतात आणि हाताला कडक, म्हणजे उरलेल्या थोड्या जागेत चाक सांभाळून घेतात. पण त्यांना पैसे पडतात, आणि ग्राइंडर तर मिस्त्रीकडे होताच. शिवाय भाच्याला रुंद टायर हवे होते, अलॉय हवे होते, आणि ते अलॉय मडगार्डच्या बाहेर जरा डोकावावेत म्हणून मधे स्पेसरही हवे होते. चाक वर जायची जागा कमी केली आणि चाक मात्र मोठं करून बाहेर काढलं. आता ते घासणार नाही तर काय करणार?

घासण्याच्या आवाजांचं जे ज्ञान या मिस्त्रीला आहे ते ऐकून मी थक्क झालो. घासणं म्हणजे सगळं एकच, ही आपली अडाण्यांची समजूत. स्टिअरिंगचा पूर्ण कट मारल्यावर पुढचं चाक आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला लागतं, तो खस्स. खस्स निरुपद्रवी, चार-आठ दिवसांत प्लास्टिक स्वतःच झिजून वाट करून देतं. मागं माणसं बसल्यावर टायरचा खांदा मडगार्डच्या पत्र्याच्या कडेला लागतो, तो खर्र. हा वाईट. ती कड टायर सोलत जाते, आणि वेगात असताना सोललेल्या टायरनं दगा दिला तर पुढचं बोलायला कुणी उरत नाही. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकून परत बसते तो कट्ट. “आन् धाड असा आवाज आला,” मिस्त्री म्हणाला, “तर फोन करू नका. चालत या.”

या आवाजांभोवती आमच्या आक्काच्या घराचं वेळापत्रक बसवलं गेलं. मागचं उजवं चाक जास्त घासायचं, कारण इतकी वर्षं दाजी एकटेच गाडी चालवत आल्यानं त्या बाजूची स्प्रिंग आधीच थकलेली. त्यामुळे आक्कानं डावीकडे बसायचं, असा नियम झाला. आक्काचं वजन हा त्या घरात कधी चर्चेचा विषय नव्हता. गाडी बसवल्यापासून तो तांत्रिक विषय झाला. जोतिबाला जाताना भाचा मागच्या बाकावरच्या मंडळींची अदलाबदल करी, आत्याला पुढं घेई, मावशीला एसटीनं ये म्हणे. कट मारून गाडी वळवणं तर त्यानं सोडूनच दिलं. महाद्वार रोडवरून बिंदू चौकात यायला, म्हणजे जिथं आपण पायी जातो तिथं, तो ताराराणी चौकाला वळसा घालून येई आणि वर “रहदारी नव्हती” असं सांगे.

गतिरोधकाचं मात्र मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्यात भाच्याची बाजू घ्यावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आपल्याकडच्या रस्त्यांचे नियम ठरवते. तिच्या १९८८ च्या नियमावलीनुसार साधा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटर वेगाला तो पार करता यावा. कंपनीतून आलेल्या स्विफ्टचं पोट जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर असतं. भाच्याची साडेनऊवर आलेली. म्हणजे अडकणार, असं कुणीही म्हणेल. पण ३.७ मीटर रुंदीची ती पाठ इतकी सपाट असते की गाडीची पुढची-मागची चारही चाकं एकदम तिच्यावर मावतात, आणि दोन चाकांच्या मधल्या भागाला फार तर सव्वाचार सेंटिमीटर उंचवटा लागतो. गणित करून पाहा. एका बोटाची गाडी नियमातल्या गतिरोधकावरून घसा न खरवडता जाते. अडचण एवढीच की नियमातला गतिरोधक मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे तो ज्याच्या दारासमोर मागच्या महिन्यात अपघात झाला त्याच्या रागाच्या उंचीचा असतो, आणि रुंदी असते एका घमेल्यातलं डांबर पुरेल तेवढी. तेव्हा बेकायदा गाडी आणि बेकायदा गतिरोधक समोरासमोर येतात. दोघांतलं कुणीच तक्रार घेऊन कुठं जाऊ शकत नाही. भाचा सगळ्यांना खाली उतरवतो, गाडी तिरकी घालतो आणि एकेक चाक चढवतो. आक्का रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना “पुढं चला, पुढं चला” करते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आली.

आपल्याकडे मालट्रक, टॅक्सी, शाळेच्या बस यांना पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि पुढं दर वर्षी तपासणी द्यावी लागते. घरच्या मोटारीला मात्र सरकार पंधरा वर्षं काही विचारत नाही. पंधरा वर्षांनी एकदम हाक येते. गाडी घेऊन या, निरीक्षकांना दाखवा, मग पुढच्या पाच वर्षांचं बघू. याची फी एके काळी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. वर पर्यावरण कर, आणि उशीर केलात तर महिन्याला ५०० रुपये दंड. फी सहाशेची पाच हजार झाल्यावर लोक म्हातारी गाडी मोडीत काढतील, असा सरकारचा होरा असावा. सरकारला आमचे लोक माहीत नाहीत. ज्या गाडीवर पाच हजार भरले ती तर आता मुळीच मोडीत जात नाही.

खरी गोम मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात होती. गाडीत असा बदल करायचा नाही की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि निर्मात्यानं ठरवलेला तपशील यांच्यात फरक पडेल. भाच्यानं हे कलम पाठ केलं आणि त्यातून वाट काढली. म्हणाला, “मामा, आरसीवर इंजिनाची क्षमता हाय, रंग हाय, बसायच्या जागा हायत, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर हाय. पोट जमिनीपासून किती वर, ते कुठं लिवलंय? जे लिवलंच न्हाई त्यात फरक कसा पडंल?” युक्तिवाद बिनतोड होता आणि मला त्याचा अभिमानही वाटला. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका खटल्यात निर्मात्यानं दिलेल्या मूळ रचनेलाच धरून बसायचं असं ठरवून टाकलं होतं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा बदलांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून भाचा वही घेऊन बसला. स्प्रिंगा चार, म्हणजे बदल एक की चार? स्पेसर हा स्वतंत्र बदल, की चाकाचाच भाग? सायलेन्सर तर त्यानं विसरूनच टाकला होता. बेरीज गाडीच्या किमतीच्या जवळ गेली तेव्हा त्यानं वही मिटली.

बाहेरच्या देशांत अशा पोरांचं कसं चालतं, हे त्याला तोंडपाठ आहे. जपानात गाडीचं पोट जमिनीपासून ९ सेंटिमीटर वर असलं की त्या बाबतीत तक्रार नाही. आमची साडेनऊवर, म्हणजे आक्का नसेल तर जपानात पास. जर्मनीत खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांना तपासणीचा दाखला मिळतो, तो गाडीच्या कागदांवर चढतो आणि मालक उजळ माथ्यानं हिंडतो. ब्रिटनमध्ये तर १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी आहे, आणि आता कुठल्याही गाडीचा नंबर संगणकावर टाकला की तिनं आजवर कितीदा मार खाल्ला आणि निरीक्षकानं काय काय शेरे मारले ते गावाला दिसतं. “आपल्याकडं असं पायजे,” भाचा म्हणाला. दाजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “नको. तुझं लग्न व्हायचंय.”

तर आता गाडी उभी करायची. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. मी म्हटलं, “नव्या चार स्प्रिंगा घे, विषय संपला.” भाच्यानं डोळे विस्फारले. “मामा! एका दिवसासाठी?”

तेव्हा मला ‘संच’ हा प्रकार कळला. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल या टापूत बसवलेल्या स्विफ्टवाल्या पोरांनी वर्गणी काढून एका अपघातग्रस्त गाडीच्या स्प्रिंगा आणि चाकं भंगारातून उचललेली आहेत. तो संच भिशीच्या नियमानं फिरतो. ज्याच्या गाडीचं पासिंग त्याच्याकडे संच. तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी पुढच्याकडे द्यायचा, मधे कुणी ठेवून घ्यायचा नाही. भाच्याचा नंबर कागलनंतर आणि इचलकरंजीच्या आधी होता. म्हणजे त्या भागात चार-पाच गाड्या अशा आहेत ज्या सरकारदरबारी वेगवेगळ्या असल्या तरी निरीक्षकांसमोर एकाच पायांवर उभ्या राहिलेल्या आहेत.

संच आला. पुढच्या स्प्रिंगा ठीक होत्या. मागच्या मात्र कुठल्याशा टप्प्यावर डिझायरच्या झालेल्या होत्या. डिझायर म्हणजे या गाडीचीच डिकीवाली बहीण, मागून जड, म्हणून तिच्या मागच्या स्प्रिंगा उंच. त्या घातल्यावर आमच्या गाडीची शेपूट वर गेली आणि नाक खाली आलं. मिस्त्रीनं दहा पावलं मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाला, “वजन टाका.” साखर कारखान्यांच्या मुलखात वजनाला काय तोटा! पन्नास किलोंचं पोतं डिकीत पडलं आणि गाडी सरळ झाली.

मडगार्डची कड राहिली होती. संचातले टायर मूळ मापाचे, अरुंद; ते घासणार नव्हते. पण आजवरच्या खर्रनं ती कड घासून चांदीसारखी चकाकत होती. तो पुरावा आत वळवायला हवा होता. मोठ्या शहरांत याचं यंत्र मिळतं, त्याचं चाक कडेवरून फिरवतात आणि पत्रा तापवून हळूहळू आत नेतात. इथं भाच्याची आठवीतली क्रिकेटची बॅट आली. हीटगननं रंग कोमट केला, म्हणजे तो तडकत नाही. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बॅट घातली आणि गाडी वीतभर पुढं, वीतभर मागं ढकलत कड आत दाबली. बॅटनं त्या दिवशी केलं तेवढं काम भाच्यानं आठवीत तिच्याकडून करून घेतलेलं नव्हतं. या गडबडीत आतल्या प्लास्टिकच्या अस्तराची एक क्लिप कुठंतरी पडली, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. नंबरप्लेटही बदलली होती. २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सरकारी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आणि मुदत वाढत वाढत संपायला आली, म्हणून ती बसवावी लागली होती. आधीच्या पाटीवर ‘एमएच-०९’ मधला नऊ फणा काढलेल्या नागासारखा होता. ती पाटी आक्कानं देवघरातल्या कपाटात ठेवली आहे.

तपासणीच्या सकाळी आरटीओच्या आवाराबाहेर जे दृश्य होतं ते मी कितीही वेळ पाहत उभा राहिलो असतो. ऊसतोडीचा हंगाम. फाटकासमोरून एकेक ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे चाललेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागचा दिवा आहे की नाही ते ऊसच जाणे, आणि गाणी अशी की कचेरीच्या खिडक्या थरथरत होत्या. फाटकाच्या आत पांढरे शर्ट घातलेले आठ-दहा लोक एका शाळेच्या बसचा उजवीकडचा इंडिकेटर लुकलुकतो की नाही हे वाकून पाहत होते. कायदा हा आवारात असतो, हे मला तिथं पहिल्यांदा नीट समजलं.

निरीक्षक साहेब बारीक अंगाचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे निघाले. त्यांनी हॉर्न वाजवायला लावला, वायपर, दिवे पाहिले. बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे उमटले, पुस्तकाशी जुळले. मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरांपाशी एकेक करून बसले. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २२१९ असेल तर टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. साहेबांनी चारही टायरांवरची खूण वाचली. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, तीही बोटानं पाहिली. खोली होती.

“चार चाकं चार गावांची दिसतात,” ते म्हणाले.

“पावन्यांची हायत, साहेब,” भाचा म्हणाला. त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

साहेब काही बोलले नाहीत. मडगार्डच्या कमानीखाली हात घालून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, बोट बाहेर काढून पाहिलं आणि रुमालाला पुसलं. मग डिकी उघडायला सांगितली.

“हे काय?”

“साखर,” आम्ही कामाला लावलेला एजंट पुढं झाला. “लग्न हाय, साहेब.”

“कुणाचं?”

एजंटनं भाच्याकडे बोट केलं. भाचा लाजला, इतका मनापासून लाजला की मलाही क्षणभर कुणी आपल्याला कळवलं कसं नाही असं वाटून गेलं. मी पोतं उतरवायला पुढं झालो तर साहेब म्हणाले, “राहू दे. वजनासकट बघू. पुस्तकात जागा किती आहेत? पाच? बसा पाच जण.”

भाचा स्टिअरिंगवर, मिस्त्री शेजारी, मागे मी, एजंट आणि रांगेत उभा असलेला एक ट्रकवाला, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता पण जो बोलावल्यावर आनंदानं आला. साहेब मागच्या उजव्या चाकापाशी, गुडघ्यावर हात टेकून, कान लावून उभे राहिले. “पूर्ण कट मारा. सावकाश.”

गाडी वळू लागली. आत पाच जण श्वास रोखून बसलेले. मागची चाकं गप्प होती, बॅटनं काम चोख केलं होतं. अर्धं वर्तुळ झालं आणि पुढच्या डाव्या बाजूनं आवाज आला.

भाच्याचे कान लाल झाले. एजंट खिडकीतून आभाळाकडे पाहू लागला. साहेबांनी हात वर केला, चालत पुढच्या चाकापाशी आले आणि म्हणाले, “परत.”

परत आवाज आला.

मिस्त्रीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “साहेब, खस्स हाय.”

“कळलं मला,” साहेब म्हणाले. “खर्र असता तर एव्हाना खाली उतरवलं असतं तुम्हाला.”

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. इतकी वर्षं गाड्यांखाली घालवलेली दोन माणसं. एक त्यांना खाली आणणारा, एक वर आहेत की नाही बघणारा. गावात या विषयावर बोलण्यालायक दुसरं कुणी त्यांना भेटलेलं नसावं. साहेब वाकले, प्लास्टिकच्या अस्तराचा लोंबणारा कोपरा ओढून दाखवला. मिस्त्री उतरला, शर्टाच्या खिशातून क्लिप काढली (त्याच्या खिशात सुपारीसोबत नेहमी दोन-चार असतात) आणि अंगठ्यानं दाबून बसवली. तिसऱ्या फेरीत गाडी निमूट वळली.

कागदावर सही करताना साहेब भाच्याला म्हणाले, “पुस्तकातली गाडी आज माझ्यासमोर आहे. आज मी तिला पास करतो. उद्या ती कशी असेल ते बघायला मी तुमच्या घरी येणार नाही.” पेनाला टोपण लावलं. “संध्याकाळी मात्र मी रंकाळ्याला चालायला असतो. पायाला त्रास आहे, पण कान चांगले आहेत. आणि लग्नाच्या शुभेच्छा.”

एवढं झाल्यावर प्रकरण संपायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संच काढून इचलकरंजीला द्यायचा, शुक्रवारी त्या पोराचं पासिंग. पण त्याच संध्याकाळी आक्का सहज मंडईला म्हणून गाडीत बसली. उजवीकडे बसली. गाडी एका सणसणीत गतिरोधकावरून गेली आणि कुणीही तिला खाली उतर म्हणालं नाही. घरी येऊन तिनं दाजींना सांगितलं, “अहो, गाडी परत चांगली झाली.” रात्री मावशीला फोन झाला, आत्याला झाला, गुरुवारी जोतिबा ठरला. भाच्यानं संचाची पद्धत, वर्गणी, कागलचा आणि इचलकरंजीचा क्रम, शब्दाची किंमत, सगळं समजावून सांगितलं. आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोतं काढू नको डिकीतलं. गाडी बरी चालते त्यानं.”

गुरुवारी सकाळी इचलकरंजीचा पोरगा स्वतःच आला, मोटारसायकलवरून, स्प्रिंगा बांधायला दोरी घेऊन. त्याची गाडी मिस्त्रीकडे चार विटांच्या चळतींवर उभी होती, बिनचाकांची. आक्कानं त्याला पोहे दिले, दुसऱ्यांदा दिले, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मागच्या बाकावर मावशी आणि आत्या यांच्या मधे एक जागा उरलीय म्हणून त्यालाही घेतलं. घाटाच्या तिसऱ्या वळणावरून त्यानं मला फोन केला. “मामा,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “काकू म्हणत्यात येताना पन्हाळा करूया. उद्या सकाळी धाला माझं पासिंग हाय. तुम्ही जरा सांगा की त्यांना.”

मागून आक्काचा आवाज येत होता, ती भाच्याला कट मारून गाडी मागं वळवायला सांगत होती, कारण नारळाचं दुकान मागं राहिलं होतं.